उजेडाची बरोबरी

भिलाई हे नाव ऐकताच डोळ्यांसमोर येतो तो तापलेल्या लोखंडाचा प्रकाश. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात करार झाला आणि दुर्ग शहराशेजारच्या माळावर पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. दुर्ग जिल्हा तेव्हाच्या ज्या मध्यप्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेने ती भोपाळला गेली, आणि २००० साली छत्तीसगड हे वेगळे राज्य झाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात राहिलेली मराठी घराणी आणि कारखान्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे या गावात एकत्र नांदू लागली. गावाला आता साठ वर्षे उलटून गेली आहेत. पहिल्या पिढीचे लोक निवृत्त झाले, नातवंडांची लग्ने झाली, आणि घरोघरी छायाचित्रांचे ढीग साठले. या छायाचित्रांच्याच एका अडचणीचा येथे विचार करावयाचा आहे. परंतु तिची किल्ली सापडते ती भट्टीपाशी, म्हणून आरंभ तेथूनच केलेला बरा.

भट्टीवर काम करणाऱ्याला एक प्रश्न रोज सोडवावा लागतो. आतला रस किती तापला आहे? हात लावून पाहण्याची ही गोष्ट नव्हे. ओपन हार्थ भट्ट्यांच्या काळात जाणते कारागीर निळी काच डोळ्यांपुढे धरून आत पाहत आणि रंगावरून, तेजावरून अंदाज बांधत. वर्षानुवर्षांच्या सरावाने तो अंदाज पुष्कळदा बरोबर येई. तरीही तो अंदाजच. रात्रपाळीला अंधारातून आलेल्या माणसाला जी भट्टी लखलखीत भासे, तीच दुपारच्या उन्हातून आत आलेल्याला मंद वाटे. भट्टी तीच असे. फरक पडलेला असे तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत.

विसाव्या शतकाच्या आरंभी या अडचणीवर एक फार सुरेख उपाय निघाला. दुर्बिणीसारखी एक नळी घेतली, तिच्यात एका लहानशा दिव्याची बारीक तार बसविली आणि पुढे लाल काच लावली. नळी भट्टीच्या तोंडाकडे रोखली म्हणजे तापलेल्या रसाच्या पार्श्वभूमीवर ती तार दिसते. तारेतून वीज कमी वाहत असेल तर तार काळ्या रेघेसारखी दिसते. वीज फाजील असेल तर ती रसापेक्षा उजळ दिसते. वीज हळूहळू कमीजास्त करीत गेले की एका क्षणी तार दिसेनाशी होते. तारेचे तेज आणि रसाचे तेज तेव्हा अगदी सारखे झालेले असते. मग विजेचा आकडा वाचावयाचा आणि त्यावरून तपमान काढावयाचे. प्रकाशीय पायरोमीटर म्हणतात तो हाच. आता हे काम बहुधा डोळ्याऐवजी विद्युत् उपकरणेच करतात, पण तत्त्व ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तपमान अवघे १८ अंशांनी वाढले तर लाल प्रकाशातील तेज जवळजवळ आठव्या हिश्श्याने वाढते. आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन तेजांतील शेकडा दोनाचा फरकही सावध डोळ्याला कळतो.

तेव्हा मानवी डोळ्याचा स्वभाव असा की त्याला ‘किती’ हे सांगता येत नाही, पण ‘सारखे की कमीजास्त’ हे फार बारकाईने सांगता येते. मात्र त्यासाठी दोन्ही वस्तू एकाच वेळी, एकमेकींना लागून, त्याच्यापुढे असाव्या लागतात. एक वस्तू सकाळी एका खोलीत पाहिली आणि दुसरी संध्याकाळी दुसऱ्या खोलीत, तर त्याची साक्ष कवडीमोलाची ठरते.

आता कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडून गावाच्या बाजारात यावे. समजा, तेथे लग्नकार्यांची छायाचित्रे घेणारा एक स्टुडिओ आहे. फिल्म आणि अंधारी खोली यांचे दिवस सरले. आता चित्र प्रथम संगणकाच्या पडद्यावर येते, तेथे त्याची निगराणी होते, आणि मग ते कागदावर उतरविण्यासाठी जाते. कधी दुकानातल्याच यंत्रावर, कधी रायपूरच्या, कधी नागपूरच्या मोठ्या लॅबकडे. पडद्यावर वधूचा शालू झळकत असतो, मुंडावळ्यांचा मोती न् मोती वेगळा दिसत असतो. आठ दिवसांनी अल्बम छापून येतो आणि पाहतात तो सगळी पाने काळवंडलेली. मुलीचे वडील नाराज, स्टुडिओवाला कष्टी, आणि लॅबवाला सांगतो की यंत्रात काही दोष नाही. गंमत अशी की तो खरेच बोलत असतो.

अशा वेळी कोणी जाणकार सल्ला देतो की मॉनिटर कॅलिब्रेट करून घ्या. त्यासाठी लिंबाएवढे एक उपकरण मिळते. ते पडद्याच्या काचेवर टेकवून ठेवावयाचे. संगणक एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवितो, उपकरण ते मोजते, आणि जे रंग जसे असावयास हवेत तसे नसतील त्यांची दुरुस्ती एका कोष्टकात नोंदविली जाते. या कोष्टकाला प्रोफाइल म्हणतात. पडदा आणि छपाईयंत्र यांच्या प्रोफाइलांची भाषा एकच असावी म्हणून १९९३ साली आंतरराष्ट्रीय कलर कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन झाली. आज जगभर बहुतेक सर्वत्र तिचाच नमुना चालतो. तर स्टुडिओवाला पैसे खर्च करून हे उपकरण आणतो, सांगितल्याप्रमाणे सर्व करतो, आणि पुढचा अल्बमही काळाच येतो.

पुष्कळांचा विश्वास येथे उडतो. वास्तविक उपकरणाने आपले काम चोख केलेले असते. निळा तो निळा, राखी तो राखी, हे त्याने नक्की केले. पण पडदा एकंदरीने किती उजळ असावा हे त्याने ठरविलेले नसते. तो आकडा माणसाने सांगावयाचा असतो, आणि माणूस पुष्कळदा उपकरणाने सुचविलेलाच आकडा मान्य करून पुढे जातो. घड्याळ बरोबर लावले म्हणून गाडी वेळेवर येते असे नाही. गाडी किती उशिरा आली एवढेच ते बिनचूक सांगते.

मग पडदा किती उजळ असावा? याचे उत्तर पडद्याकडे पाहून मिळत नाही, ते कागदाकडे पाहून मिळते. पडदा स्वतः प्रकाश देतो. कागदाला स्वतःचे तेज नाही; खोलीत जो उजेड असेल त्यातला काही भाग तो परत करतो, बस्स. चंद्राला सूर्याचा आधार, तसा कागदाला दिव्याचा. म्हणून अमुक प्रत उजळ आहे किंवा काळी आहे, हे विधान दिव्याचा उल्लेख केल्यावाचून अपुरेच राहते.

थोडा हिशेब मांडला तर हे अधिक स्पष्ट होईल. एखाद्या पृष्ठभागावर पडणारा उजेड लक्स या एककात मोजतात, आणि पृष्ठभागाकडून डोळ्याकडे येणारे तेज दर चौरस मीटरला अमुक कँडेला असे सांगतात. चांगला पांढरा फोटोचा कागद आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे शेकडा ९० भाग परत करतो. लक्सच्या आकड्याला ०.९ ने गुणून ३.१४ ने भागले की कागदाचे तेज कँडेलात मिळते. साध्या घरात रात्री एक ट्यूबलाइट लागलेली असते, तेव्हा सोफ्यावर बसून हातात धरलेल्या अल्बमवर १०० लक्सच्या आसपास उजेड पडत असेल असे धरू. कागदाचे तेज झाले सुमारे २९ कँडेला. उलट दुकानातून नुकताच आणलेला मॉनिटर पूर्ण उजेडावर ठेवला तर त्याचे पांढरे सहज २५० ते ३०० कँडेला असते. म्हणजे स्टुडिओत जे पांढरे पाहून चित्र सजविले, त्याच्या दहाव्या हिश्श्याचे पांढरे यजमानाच्या दिवाणखान्यात पाहिले जात आहे!

आता तोच अल्बम घेऊन सकाळी घराच्या व्हरांड्यात बसावे. सावलीतही तेथे १००० लक्स उजेड सहज असतो. कागदाचे तेज झाले सुमारे २८७ कँडेला, म्हणजे जवळपास त्या नव्या मॉनिटरइतकेच. काल रात्री काळी वाटलेली पाने आज प्रसन्न दिसतात. ज्या घरात लग्नाचा अल्बम ‘दिवसा चांगला दिसतो’ असे म्हणतात, त्या घराने ही सारी मीमांसा आपल्यापरीने केलेलीच असते.

यात डोळ्याची आणखी एक खोड भर घालते. समोर जे सर्वांत उजळ असेल त्यालाच तो पांढरे मानतो आणि बाकीचे सर्व त्याच्या मानाने जोखतो. उन्हात ठेवलेली काळी मखमल चांदण्यातल्या पांढऱ्या कागदापेक्षा कित्येक पटींनी अधिक प्रकाश परत पाठविते, तरी मखमल काळीच दिसते आणि कागद पांढराच. स्टुडिओतल्या अंधारलेल्या कोपऱ्यात २५० कँडेलाच्या पडद्यापुढे दोन तास बसलेला माणूस त्या पडद्यालाच पांढरे मानू लागतो. पडद्यावरचे चित्र त्याला अंमळ अधिकच उजळ वाटते, म्हणून तो ते आणखी थोडे गडद करतो. झाले! चुकीच्या पांढऱ्यापुढे बसून चित्र खरोखरीच काळे केले गेले. आता लॅबवाल्याने कितीही मन लावून छापले तरी ते काळेच येणार.

यावर उपाय तोच, जो पायरोमीटरने शिकविला. दोन तेजे शेजारी आणावयाची आणि त्यांच्यातला फरक दिसेनासा होईपर्यंत एक कमीजास्त करावयाचे. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ बुन्सेन याने दिव्यांची तुलना करण्यासाठी जी युक्ती काढली तीही याच जातीची होती, आणि ती कोणालाही घरी करून पाहता येईल. पांढऱ्या कागदावर गोड्या तेलाचा एक थेंब टाकावा. तो कागद दोन दिव्यांच्या मधोमध उभा धरावा. एका बाजूचा उजेड अधिक असेल तर डाग एकीकडून काळसर आणि दुसरीकडून उजळ दिसतो. कागद पुढेमागे सरकवीत गेले की एका जागी डाग जवळजवळ नाहीसा होतो. तेथे दोन्ही बाजूंचा उजेड सारखा. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. खर्च एका थेंबाचा आहे.

स्टुडिओत तेलाची जरुरी नाही. ज्या कागदावर छपाई होते त्याचा एक कोरा तुकडा घ्यावा. मॉनिटरच्या शेजारी, पण त्याच्या काचेवर उजेड पडणार नाही अशा बेताने, एक चांगला दिवा लावावा आणि त्याच्या उजेडात तो कोरा तुकडा उभा करावा. पडद्यावर एक नुसते पांढरे पान उघडावे. मग थोडे मागे सरून दोन्हींकडे एकदम पाहावे. नवा मॉनिटर असेल तर कागद राखी, मळकट दिसेल. मॉनिटरचा उजेड कमी करीत जावे, आणि पडद्याचे पांढरे व कागदाचे पांढरे एकाच कापडाचे दोन तुकडे वाटू लागले की थांबावे. पडद्याचे तेज त्या वेळी किती आहे हे कॅलिब्रेशनच्या उपकरणाने मोजून तो आकडा लिहून ठेवावा, आणि पुढील प्रत्येक कॅलिब्रेशनला तोच सांगावा. बहुतेक जागी तो ८० ते १२० कँडेलांच्या दरम्यान निघतो. ज्यांना आकड्यांवरूनच जावयाचे असेल त्यांनी उलट हिशेब करावा: पडदा १०० कँडेलांवर ठेवावयाचा असेल तर कागदावर सुमारे ३५० लक्स उजेड पाहिजे.

आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेने या बाबतीत एक मानक केले आहे, क्रमांक ३६६४. छपाईची अगदी कसून तपासणी करावयाची असेल तर २००० लक्स, आणि छायाचित्र नेहमीच्या परिस्थितीत कसे दिसेल हे पाहावयाचे असेल तर ५०० लक्स उजेड असावा असे त्यात सांगितले आहे. उजेडाचा रंगही ठरवून दिलेला आहे, दुपारच्या उजेडाहून किंचित उबदार. ५०० लक्सला कागद सुमारे १४३ कँडेला तेज देतो. रंगाचा विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. येथे एवढे पुरे की शेजारचा दिवा पिवळा आणि पडदा निळसर असेल तर तेजाची बरोबरी जुळविणे डोळ्याला फार अवघड जाते, म्हणून दिवा शक्यतो पांढऱ्या, चांगल्या प्रतीच्या प्रकाशाचा घ्यावा. आणि शाईच्या यंत्रातून नुकतीच बाहेर आलेली प्रत लगेच तपासू नये; ती वाळताना थोडी बदलते.

येथवर पांढऱ्याचा विचार झाला. काळ्याची गोष्ट निराळी आहे, आणि तेथे बरोबरी करता येत नाही हे मान्य करावे लागते. चांगल्या पडद्याचे पांढरे त्याच्या काळ्याच्या हजारपट तेजस्वी असते. चकचकीत कागदावर सर्वांत गडद शाईसुद्धा सुमारे १६० व्या हिश्श्याएवढा उजेड परत करते, आणि मंद पोताच्या कागदावर तर ४० व्या हिश्श्याएवढा. म्हणजे पडद्यावर सावल्यांना पसरायला जेवढे अंगण मिळते, तेवढे कागदावर मिळत नाही. भिलाईत ज्याने भट्टीतून रस सोडतानाचे छायाचित्र घेतले असेल त्याला याचा अनुभव चांगलाच आला असेल. पडद्यावर रसाची धार पेटलेली दिसते आणि शेडच्या अंधारातले खांब, शिड्या, शिरस्त्राण घातलेली माणसे हीही दिसतात. कागदावर धार म्हणजे नुसता कोरा कागद, आणि माणसे अंधारात बुडालेली. कोणत्याही प्रोफाइलने कागद स्वतः प्रकाशू लागत नाही.

मग कागदावर प्रकाश दाखविताच येत नाही काय? चित्रकारांनी तो दाखविला आहे. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते जलरंगांतले आहे, म्हणजे ज्योतीच्या जागी कागदापेक्षा अधिक उजळ असे काहीही असणे शक्य नाही. तरी पाहणाऱ्याला वाटते की दिवा खरोखर तेवत आहे. ज्योत उजळ करण्याच्या मागे चित्रकार लागलेला नाही. त्याने बोटांच्या कडांतून झिरपणारा तांबूस उजेड, चेहऱ्यावरचा मंद प्रकाश आणि भोवतालचा काळोख यांची प्रमाणे साधली आहेत. कागदाजवळ जेवढा पल्ला आहे त्याची वाटणी त्याने शहाणपणाने केली. छायाचित्रकारालाही तेच करावे लागते. कॅलिब्रेट केलेल्या पडद्यावर छपाईच्या कागदाचे सोंग आणून चित्र पाहण्याची सोय आता बहुतेक संगणकांवर असते. त्या सोंगात चित्र निस्तेज दिसते म्हणून पुष्कळ लोक ती बंद करून टाकतात. परंतु ते निस्तेज चित्रच कागदाची खरी बातमी सांगत असते. ते पाहूनच सावल्या थोड्या वर उचलाव्यात, म्हणजे शिडीवरचा माणूस अंधारात हरवत नाही.

अंधारात माणूस हरवतो, आणि सगळी माणसे सारखी हरवत नाहीत. या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा हाच असावा. गोऱ्या कातडीवरून परत येणारा उजेड गडद सावळ्या कातडीवरच्या उजेडाच्या तिप्पट-चौपट असू शकतो. प्रत एक पायरी काळी छापली गेली तर गोरा चेहरा थोडा मलूल दिसतो, इतकेच. सावळा चेहरा मात्र कागदाच्या त्या टोकाकडे ढकलला जातो जेथे छटांना जागाच उरलेली नसते. डोळ्यांभोवतीच्या रेषा, ओठांची कड, हसताना गालावर पडणारी छाया, सारे एका गडद ठिपक्यात मिसळून जाते. उन्हात आणि भट्टीपुढे आयुष्य घालविलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे वाचण्यासारखे असते, तेच नेमके नाहीसे होते. पडद्यावर दिसणारा बाप कागदावर दिसत नाही.

छपाईच्या तंत्रात हा पक्षपात पूर्वीपासून आहे. कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून लॅबना रंग जुळविण्यासाठी एक नमुनाचित्र पुरवीत असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे, आणि पहिल्या अशा स्त्रीच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तो चेहरा बरोबर छापला गेला म्हणजे यंत्र बरोबर, असा दंडक. निरनिराळ्या वर्णांचे चेहरे त्या कार्डावर यावयास १९९० चे दशक उजाडावे लागले. आपल्याकडेही त्याच यंत्रांवर, त्याच दंडकाने छायाचित्रे छापली गेली.

आणि आपल्याकडे या यांत्रिक दोषात सामाजिक दोषाची भर पडते. छापील चेहरा काळा आला की नातेवाइकांची पहिली मागणी ‘जरा गोरे करा’ अशी असते. स्टुडिओवाला चेहऱ्यावर पांढरा थर चढवितो, किंवा सबंध चित्रच दोन पायऱ्या उजळ करतो. पहिल्या उपायाने मुलगी ओळखू येत नाही. दुसऱ्याने वराच्या फेट्याचा पोत, अक्षतांचे दाणे आणि शालूची जर कोऱ्या कागदात विरून जाते. मूळ तक्रार चेहरा सावळा दिसतो अशी नसतेच पुष्कळदा. चेहरा दिसत नाही अशी असते. दोन्हींसाठी लोकांजवळ शब्द एकच असल्यामुळे उपाय भलताच होतो. पडदा आणि कागद यांची बरोबरी आधी साधलेली असेल तर सावळा चेहरा सावळाच आणि स्पष्ट छापला जातो, आणि वधूच्या आईला सहसा त्यापलीकडे काही हवे नसते.

लॅबच्या बाजूनेही एक काळजी घ्यावी लागते. मोठ्या लॅबमधील यंत्रे आलेले प्रत्येक चित्र स्वतःच पारखून त्यात उजेड कमीजास्त करतात. ज्यांच्या चित्रांना कोणी हातच लावलेला नाही अशा गिऱ्हाइकांसाठी ती सोय ठीक आहे. पण मेहनतीने जुळविलेल्या चित्रात यंत्राने पुन्हा आपली अक्कल चालविली तर सर्व हिशेब पाण्यात जातो. पिवळ्या हळदीच्या समारंभाचे चित्र त्याला फार पिवळे वाटते, आणि भट्टीचे चित्र फार काळे. म्हणून काम पाठविताना ‘दुरुस्ती करू नये’ असे स्पष्ट लिहून द्यावे, आणि त्या लॅबच्या यंत्राचे व कागदाचे प्रोफाइल मागून घ्यावे.

एवढे करूनही सबंध अल्बम एकदम छापण्याची घाई करू नये. अंधाऱ्या खोलीच्या काळात छायाचित्रकार कागदाची एक चिंचोळी पट्टी घेऊन तिच्यावर निरनिराळे सेकंद उजेड पाडीत आणि त्यांतली चांगली पायरी निवडून मगच मोठा कागद वापरीत. ती चाचणीची पट्टी आजही तितकीच उपयोगी आहे. पट्टीवर एक सावळा चेहरा, एक गोरा चेहरा, पांढरे धोतर किंवा टोपी आणि काळे केस एवढे यावे. तीच पट्टी मूळ तेजावर, एक पायरी उजळ आणि दोन पायऱ्या उजळ अशी तीनदा छापून घ्यावी. ती परत आली म्हणजे प्रथम स्टुडिओतल्या ठरलेल्या दिव्याखाली पडद्याशेजारी धरावी, आणि नंतर गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन ते ज्या जागी अल्बम उघडणार असतील त्या जागी धरावी.

कारण ती जागाच शेवटी सर्व ठरविते. अल्बम माणूस हातात घेतो आणि उजेडाकडे वळवितो. भिंतीवरच्या तसबिरीला असे वळता येत नाही. घरातले वडीलधारे माणूस गेले की त्यांचे छायाचित्र मोठे करून पुढच्या खोलीत दरवाज्यावर लावतात, हार घालतात. ती जागा बहुधा सर्वांत अंधारी असते. दिवसा ५० लक्स उजेडही तेथे पोचत नाही, आणि तेथे कागदाचे पांढरे १४ कँडेलांच्या वर जात नाही. शिवाय समोरची खिडकी उघडी असेल तर डोळा त्या खिडकीलाच पांढरे मानून बसतो, आणि तसबिरीतला चेहरा आणखी मागे सरतो. अशा जागेसाठी प्रत मागावयास कोणी आले तर स्टुडिओवाल्याने आधी दोन गोष्टी विचाराव्यात: ती कोणत्या भिंतीवर लागणार आहे, आणि खिडकी कोणत्या बाजूला आहे. त्यावरून अल्बममधल्या प्रतीपेक्षा ही प्रत एक-दोन पायऱ्या उजळ छापावी, आणि कागद चकचकीत न घेता मंद पोताचा घ्यावा, म्हणजे काचेवरची आणि कागदावरची झळाळी एकमेकींत मिसळणार नाही. किंवा घरच्यांना सांगावे की प्रत आहे तशीच राहू द्या, आणि तसबिरीच्या वर एक लहानसा दिवा बसवून घ्या.